जरा मागे सरा

वर्ध्याच्या बसस्टँडवर एका गृहस्थाच्या हातातलं भजं कावळ्याने उचलून नेलं. झालं ते एवढंच. गृहस्थ आर्वीच्या गाडीची पाटी वाचत होता, हातात कागद, कागदात गरम भजी, आणि कावळा पत्र्यावरून खाली आला आणि त्यातलं सगळ्यात मोठं घेऊन गेला. आजूबाजूचे हसले, गृहस्थही ओशाळून हसला. प्रमिलाला मात्र राग आला. साधासुधा नाही, कानशिलं तापावीत असा. सकाळची थंडी, अंगावर शाल, हातात डब्याची पिशवी, आणि ही चाळीशी उलटलेली मास्तरीण एका कावळ्यावर संतापून उभी. ‘तेव्हा कुठे मेला होतास?’ हे तोंडातून निघालंसुद्धा. शेजारी उभ्या असलेल्या शोभाबाईंनी मान वळवली. त्या तिच्याच शाळेत शिकवायच्या. “कोनाले म्हनलं वो बाई?” त्यांनी विचारलं. “कोनाले नाई,” प्रमिला म्हणाली आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पलीकडे तिचे यजमान सदाशिवराव मफलर कानाला गुंडाळून बसची वाट पाहत होते. त्यांनी ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. हल्ली त्यांनी काय ऐकलं आणि काय नाही, हे तिला कधीच कळत नसे.

शोभाबाईंनीच हे जंगलात फिरण्याचं खूळ काढलं होतं. कॉलेजातले भोयर सर दर हिवाळ्यात काही माणसं गोळा करून हिंगणीच्या पुढे बोरच्या जंगलात न्यायचे आणि झाडं, पाखरं दाखवायचे. “अवो बाई, चौऱ्याऐंशी साल लागलं, आता तरी घराबाहेर निघा,” असं म्हणून शोभाबाईंनी तिचं नाव दिलं, आणि वर सदाशिवरावांचंही दिलं. प्रमिलाने नको म्हटलं. सासूचं वर्ष अजून फिरलं नव्हतं. घरात यंदा दिवाळी नाही, संक्रांतीचं वाण नाही, आणि आपण जंगलात हिंडायचं! पण सदाशिवराव म्हणाले, “जाऊन येऊ.” का म्हणाले कोण जाणे. रविवार त्यांना खायला उठायचा हे खरं. बाहेरच्या खोलीत जिथे त्यांच्या आईची खाट होती तिथे आता नुसती फरशी होती, आणि ते पोस्टातून आले की त्या फरशीला वळसा घालून आत यायचे. खाट अजून तिथेच असल्यासारखे. प्रमिलाही तसाच वळसा घालायची. दोघांनी वर्षभर त्या वळशाबद्दल एक शब्द काढला नव्हता.

बस सेलू मागे टाकून हिंगणीकडे वळली तसं धुकं दाट झालं. खिडकीबाहेर तुरीची शेतं आधी अर्धी दिसली, मग दिसेनाशी झाली. प्रमिलाने डोळे मिटले, आणि मिटले की तेच समोर यायचं, तसं आलं. धाम नदीचा काठ. फाल्गुनातलं पाणी, घोट्याएवढं. दहावा. वाळूवर पिंड मांडलेले, त्यावर दही, बाजूला दिवा, आणि नदीपलीकडच्या बाभळीवर कावळेच कावळे. कावळ्यांचा दुष्काळ होता म्हणून आले नाहीत असं नव्हतं, होते, चांगले बसले होते, एकमेकांची पिसं साफ करत होते. सदाशिवराव उघड्या अंगाने पिंडासमोर हात जोडून बसले. कावळा आला नाही. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, विचारा. मग सुरू झालं. सदाशिवराव म्हणाले, “आई, वच्छीचं माहेर मी तुटू देनार नाई.” कावळा हलला नाही. वच्छलाबाई, तिची नणंद, रोहण्याहून आलेली, पुढे सरसावल्या आणि रडत म्हणाल्या, “आई, मी तुह्या देवघराचं करन वो.” नाही. चुलतसासरे किसनराव धोतर सावरत पुढे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “वैनी, धुऱ्याचं भांडन मी मिटवतो, आता तरी खा.” (शेताच्या बांधाचं ते भांडण त्यांनी पुढे मिटवलं नाहीच, उलट वाढवलं.) कावळे बाभळीवर. ऊन चढलं. दह्यावर माशा आल्या. ज्याला जे सुचेल ते कबूल करत होता, पुढे येत होता, आणि मग एक क्षण असा आला की आणखी कोणी उरलं नाही. सगळ्यांनी वळून प्रमिलाकडे पाहिलं.

ती गेली पुढे. वाळू तापलेली होती. काय कबूल करावं? तिच्याकडे कबूल करण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. म्हातारी, आनंदाबाई, तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, पाठीला झालेल्या जखमांवर पावडर घालणं, शाळेत जाण्याआधी एकदा, मधल्या सुट्टीत धावत येऊन एकदा, संध्याकाळी पुन्हा. म्हातारी चांगली होती असंही नाही, वाईट होती असंही नाही. वेदना कमी असल्या की प्रमिलाच्या बांगड्यांशी खेळायची, जास्त असल्या की शिव्या द्यायची, आणि शिव्या देऊन झाल्यावर “जेवली का?” असं विचारायची. अशा एका दुपारी चादर बदलताना, म्हातारीचं हलकं झालेलं अंग एका हाताने तोलून धरलेलं असताना, प्रमिलाच्या मनात आलं, सुटू दे आता. देवा, सुटू दे. आणि त्याच क्षणी म्हातारीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पुढे ती महिनाभर जगली, पण ते पाहणं प्रमिलाच्या अंगाला चिकटून राहिलं. ऐकलं तिने. मनातलं ऐकू येत नाही हे चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईला कळत नाही असं नाही, पण कळण्याचा काय उपयोग. नदीवर हात जोडून ती मनात एवढंच म्हणू शकली, ‘आई, मी थकले होते.’ हे काही वचन नव्हे. कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला, आणि घरी परतताना वच्छलाबाई बैलगाडीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “जिनं रातदिस केलं, तिलेच मालूम आईच्या जिवात काय राह्यलं थे.”

एवढंच म्हणाल्या. पण तेवढं पुरलं. त्या पुन्हा घरी आल्या नाहीत. आता पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध, आणि त्यांचा निरोप आला होता की आईचा जीव अडकला आहे, त्र्यंबकेश्वराला जाऊन शांती करा, मग मी येते. सदाशिवरावांनी निरोप ऐकला आणि मफलर झटकून खुंटीला अडकवला. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नणंद काय म्हणते याचं प्रमिलाला फारसं काही वाटत नव्हतं. नणंदा म्हणतातच. पण हा माणूस काय म्हणतो? वीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं, त्याला काय वाटतं? त्यालाही वाटतं का, की माझ्यामुळे त्याच्या आईच्या घासाला कावळा शिवला नाही? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं आणि ते हो म्हणाले असते, तर मग त्याच घरात, त्याच फरशीला वळसा घालून राहायचं कसं? त्यापेक्षा न विचारणं बरं, असं म्हणत म्हणत तिने वर्ष काढलं होतं.

हिंगणीच्या पुढे, धरणाच्या अलीकडे सगळे उतरले. भोयर सरांनी हिरवी टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि सूचना दिल्या. एका रांगेत चालायचं. बोलायचं नाही. शिंक आली तर रुमालात. “जंगल पाहायचं नसतं, ऐकायचं असतं,” असं म्हणून त्यांनी जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचनात. हा साग, हा ऐन, हा तेंदू, याची पानं विडीला. शोभाबाई मागून कुजबुजल्या, “सर स्वतः तं चूप बसून नाई राह्यले.” प्रमिलाला हसू आलं आणि हसू आल्याचं आश्चर्य वाटलं. धुकं इतकं होतं की रांगेतल्या पुढच्या तिघांपलीकडे माणूस दिसत नव्हता. जंगल असं कधी तिने पाहिलं नव्हतं. या भागातलं जंगल म्हणजे ऊन, धूळ, वाळलेला पाचोळा. आज सगळं ओलं. सागाच्या मोठ्या पानांवर धुकं गोळा होऊन त्याचे थेंब खालच्या पानांवर पडत होते, आणि पाऊस नसताना पावसाचा आवाज चहूकडून येत होता. कोळ्यांची जाळी झुडपाझुडपावर भिजून पांढरी झाली होती. ढगातून चालतो आहोत, असं तिच्या मनात आलं. कोणी बोलत नव्हतं, म्हणजे सर सोडून. तिलाही कोणी काही विचारत नव्हतं. ही कोण, हिची सासू कधी गेली, वर्ष फिरलं का, कावळा शिवला का, यातलं काही इथल्या कोणाला ठाऊक नव्हतं, आणि सागाला तर मुळीच नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदाच तिची पावलं आपोआप पडत होती.

पुढे सदाशिवराव चालत होते. मफलर आता कानावरून उतरून गळ्यात आला होता. एके ठिकाणी नाला ओलांडायचा होता, दगड शेवाळलेले. त्यांनी मागे न वळता हात मागे केला. तिने तो धरला, नाला ओलांडला, हात सोडला. सरांनी एका झाडाकडे बोट दाखवलं आणि पिवळाजर्द हळद्या उडून गेला. कोणी पाहिला, कोणी नाही, सगळ्यांनी पाहिला असं सांगितलं. सदाशिवरावांचे खांदे मागून पाहताना तिला वाटलं, हे वाकले आहेत. कधीपासून? नदीवर उघड्या अंगाने बसले होते तेव्हा ताठ होते. की तेव्हाही नव्हते, आणि आपण त्यांच्याकडे पाहिलंच नाही? आपण तर कावळ्यांकडे पाहत होतो. धुक्यात पुढच्या माणसाची पाठ सोडून पाहायला दुसरं काही नसतं, त्यामुळे ती पाहत राहिली. स्वेटरच्या कोपरावर विरलेली वीण होती. घरी गेल्यावर ती सांधायला हवी, असं तिला वाटलं.

धुकं विरलं ते धरणाच्या काठावर पोचल्यावर. पाणी आधी राखाडी दिसलं, मग निळं, आणि मग पलीकडची टेकडी एकदम जागेवर आली. मोहाच्या एका जुन्या झाडाजवळ सगळ्यांनी डबे सोडले. पोळ्या, झुणका, लोणचं, शोभाबाईंचा दहीभात. आणि शोभाबाईंनी, घरी रोज करतात तसं, जेवायला सुरुवात करण्याआधी सागाच्या पानावर भाताचा एक गोळा ठेवला आणि पान पुढे मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. काही मनात नव्हतं त्यांच्या, सवय ती. प्रमिलाच्या हातातली पोळी हातातच राहिली. समोरच्या ऐनावर कावळा होता. घरच्यासारखा करड्या मानेचा नाही, अंगभर काळा, जाड चोचीचा. “डोमकावळा!” भोयर सर दुर्बीण सावरत म्हणाले. “आता बघा हं, कसा येतो.” झालं. सगळे उठले. सर दुर्बीण घेऊन पुढे, त्यांच्यामागे बाकीचे, गोळ्याभोवती अर्धगोल करून सगळे उभे. कावळ्याने मान तिरपी केली. भाताकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. एक फांदी खाली आला. लोक आणखी पुढे सरकले. कावळा परत वर गेला.

प्रमिलाने पोळी डब्यात परत ठेवली. नको, नको, इथे तरी नको. वर्ध्याहून इतक्या लांब यायचं, धुक्यातून चालायचं, आणि शेवटी पुन्हा हेच, भात, कावळा, आणि ताटकळलेली माणसं. कोणीतरी थट्टेने म्हणालं, “याले आवतन पाह्यजे वाटते.” दुसऱ्याने हात जोडले, “या महाराज, या.” हशा झाला. त्या हात जोडलेल्या माणसाकडे प्रमिला पाहत राहिली. तो अगदी पानाजवळ उभा होता. त्याची चप्पल भाताला लागेल इतका जवळ. आणि तो जितका नम्र होऊन वाकत होता तितका कावळा वरच्या वरच्या फांदीवर सरकत होता. तिला काहीतरी दिसलं. आधी नीट कळलं नाही. मग ती उठली आणि शाळेत पोरांना दामटतात त्या आवाजात म्हणाली, “जरा मागे सरा. सगळे मागे सरा! खाईन कसा तो? तुमीच तं त्याच्या उरावर उभे हा!”

सर दचकले, पण मागे सरले. इतक्या मोठ्या आवाजात आपल्याला गप्प करणारी बाई त्यांना कॉलेजात भेटली नसावी. सगळे मोहाच्या झाडापर्यंत आले, बसले, पोळ्यांकडे वळले, लोणचं मागू लागले, आणि भाताचा विसर पडला. प्रमिला मात्र झाडाच्या बुंध्याआडून पाहत होती. कावळा खाली आला. तिरपा तिरपा उड्या मारत, दर उडीला मागे वळून पाहत, पानापाशी आला. एक चोच मारली. थांबला. मग नीट पाय रोवून, कोणाच्या बापाची भीती नसल्यासारखा, भात खाऊ लागला.

आणि प्रमिला बुंध्याला धरून मनाने नदीवर गेली. जिथे पिंड मांडले होते तिथे गेली आणि एकेकाला मागे सारू लागली. किसनराव, व्हा मागे, धुऱ्याचं घरी पाहू. भटजी, तुम्ही त्या दगडावर बसा. वच्छलाबाई, रडायचं तर तिकडे बाभळीखाली नाही, बाभळीवर ते बसलेत, अलीकडे रडा. तुम्हीही उठा हो, तुमचं उघडं अंग आणि जोडलेले हात, पिंडावर सावली पडते आहे तुमची. आणि ही कोण, ही शेवटी आलेली, सगळ्यांहून पुढे जाऊन उभी राहिलेली बाई? मागे सर गं, प्रमिला. तूही मागे सर. वाळू रिकामी झाली. दिवा, दही, पिंड, आणि कोणी नाही. कोणी नसतं तर ते पाच मिनिटांत आले असते. म्हातारीची इच्छा, म्हातारीचा राग, म्हातारीचं ते पाहणं, कशाचा काही संबंध नव्हता. आम्ही प्रेमाने गर्दी केली होती, एवढंच. जितकं विनवलं तितके जवळ गेलो, जितके जवळ गेलो तितका तो लांब राहिला. तिच्या छातीवरून काहीतरी उतरलं, खरोखर उतरलं, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर मान हलकी होते तसं. ती हसायला लागली. आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात धरला, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते वेगळंच.

शेजारी कोणी उभं असल्याचं तिला मग कळलं. सदाशिवराव. त्यांच्या हातात अर्धी पोळी होती आणि तेही कावळ्याकडेच पाहत होते. बराच वेळ पाहत असावेत. कावळा भात संपवून चोच पानावर घासत होता.

“म्हंजे आपन लई जवळ होतो,” ते म्हणाले.

तिने मान हलवली. पदर अजून तोंडातच होता.

“मी तं अगदी वाकून बसलो होतो. मले सालभर वाटून राह्यलं का आई माह्यावर रागावली. जीव गेला तवा मी घरी नव्हतो ना. चौकात गेलतो, पानठेल्यावर. तिचं श्वास घेनं आयकवत नव्हतं मले, म्हनून गेलतो. तुले एकटीले टाकून. अन् मले वाटे, तुले हे समजलं, म्हनून तू माह्याशी बोलत नाई.”

प्रमिलाने पदर तोंडातून काढला. “मी? मले तं वाटे, तुमी माह्यावर...”

“तुह्यावर?” सदाशिवरावांनी तिच्याकडे वळून पाहिलं. “काऊन?”

त्या ‘काऊन’मध्ये, त्या नुसत्या ‘का बरं’मध्ये, काही लपवलेलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं, ही काय बोलते आहे ते. वर्षभर ज्या शब्दाची तिला भीती होती तो त्यांच्या मनाच्या आसपासही फिरकला नव्हता. तिला वाटलं, आता गप्प बसावं, झालं ते पुरे झालं. पण धरणावरचं ऊन अंगावर पडत होतं, आणि तिला एकदा तरी ते मोठ्याने बोलायचं होतं.

“मी मनात म्हनलं होतं,” ती म्हणाली, “आईची चादर बदलताना. का देवा, सुटू दे आता हिले. मनापासून म्हनलं. अन् आईनं तवाच पाह्यलं माह्याकडं.”

सदाशिवरावांनी पोळीकडे पाहिलं, मग पाण्याकडे. त्यांचा चेहरा लहान मुलाची चोरी सापडावी तसा झाला होता.

“मी तं मारोतीले नारळ बोललो होतो,” ते म्हणाले. “का आईले सोडव, नारळ फोडतो. तिनं सोडला देह, अन् मले लाज वाटली. कसा फोडू? माय मेली म्हनून नारळ? थो फोडाचाच राह्यला.”

मोहाखाली भोयर सरांनी सगळ्यांना उठवायला सुरुवात केली होती. परतीची रांग लावा, बोलू नका, शिंक रुमालात. शोभाबाई हात हलवून बोलावत होत्या. प्रमिलाने डोळे पुसले, नवऱ्याच्या हातातली अर्धी पोळी काढून घेतली आणि तिचा एक घास तोडून खाल्ला. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, आणि आता तिला विलक्षण भूक लागली होती.

“चला,” ती म्हणाली. “सेलूले बस थांबते. तिथं नारळ भेटन.”